घाटावरची शिट्टी

पूर ओसरला की पंचगंगेच्या घाटावर गाळ साचतो. पायऱ्या कितीही धुवा, खराट्यानं कितीही झाडा, फटीत थोडा राहतोच. आमच्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी आणि सलीमभाई, आम्ही दोघं घाटावरचे पहारेकरी. किस्से गोळा करा असं काही आम्हाला नोकरीत सांगितलेलं नाही. पण रोज सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत माणसं बघत बसल्यावर दुसरं काय हाताला लागणार?

दोनेक वर्षांपूर्वी घाटावर पाटी लागली. 'मासे, कासवे व पक्षी यांना खाद्यपदार्थ घालण्यास मनाई आहे.' नियम चांगलाच होता. लोक पाव टाकायचे, फरसाण टाकायचे. एकानं तर उरलेली मिसळ तर्रीसकट ओतली होती! पाणी नासायचं, मासे उलटे होऊन तरंगायचे. मी तसा नियमाचा माणूस. मला पाटी आवडली.

पहिल्याच दिवशी एक गृहस्थ बरोबर पाटीखाली उभे राहून पाव कुस्करत होते.

"पावणं, पाटी वाचली का?"

"वाचली की."

"मग?"

"मग काय? आम्ही पावणं न्हाय, हितलंच हाय. पाटी भायरच्या लोकांस्नी हाय!"

* * *

मलकापूरहून एक मावशी आल्या. पहाटेची पहिली एसटी पकडून, मांडीवर डबा सांभाळत. डब्यात कणकेच्या एकशे आठ गोळ्या. मुलाचं लग्न जमत नव्हतं, ज्योतिषानं माशांना घालायला सांगितलेल्या. मी आडवा हात केला तशा त्या पायरीवर बसल्या आणि डोळ्याला पदर लावला.

आता आली का पंचाईत! नियम मोडवत नाही आणि मावशींकडं बघवत नाही.

सलीमभाई डोकं शांत ठेवणारा माणूस. घाटाच्या वर एक गवळी म्हैस घेऊन उभा असतो, समोर धार काढून दूध देतो. सलीमभाईनं मावशींना तिथं नेलं. "मावशी, हिला घाला."

"अवो, पण ज्योतिषानं मासं सांगितल्यात!"

"ही रोज ह्याच नदीचं पानी पिती. एखादा मासा गेलाच असंल की पोटात!"

मावशींना पटलं. म्हशीला तर फारच पटलं. एकशे आठ गोळ्या तिनं दोन मिनिटांत संपवल्या.

चार महिन्यांनी मावशी पेढे घेऊन आल्या. लग्न जमलं होतं. एक पेढा मला, एक सलीमभाईला आणि बाकीचा पुडा घेऊन त्या वर चालू लागल्या. आता तो ज्योतिषी लोकांना मासे सांगतच नाही. थेट म्हैस सांगतो, तीही आमच्याच घाटावरची!

* * *

आमचा रोजचा गुन्हेगार म्हणजे नाना. वय सत्तरीच्या पुढं, बायको मालती वारलेली, मुलगा पुण्याला, मुलगी सांगलीला दिलेली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर उभं राहून नोकरी काढलेली, त्यात कान गेलेले. सकाळी सातच्या ठोक्याला यायचे, खालून चौथ्या पायरीवर बसायचे आणि कावळ्यांना भाकरी घालायचे. माशांना नाही, कबुतरांना नाही, फक्त कावळ्यांना.

आम्हाला शिट्ट्या मिळालेल्या. नानांनी भाकरी टाकली की मी शिट्टी वाजवायचो. नाना टाकतच राहायचे. मी परत वाजवायचो. ते परत टाकायचे. शेवटी जवळ जाऊन कानात ओरडलो, "नाना, शिट्टी वाजवतोय मी!"

"व्हय व्हय," नाना म्हणाले, "वाजीव की. मला कुठं तरास हुतोय!"

एकदा डबा काढून घेतला, तर दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन आले. ऊन नाही, पाऊस नाही. पायरीवर बसून छत्री उघडली आणि आतून भाकरीचे तुकडे सांडले.

"नाना!"

"मी टाकलं न्हाय दत्ता. पडलं!"

* * *

एका सकाळी घाट अगदी रिकामा होता. सलीमभाईची शिट्टी पाण्यात पडून बिघडली होती म्हणून नवी आणलेली. सहज म्हणून त्यानं ती वाजवून बघितली.

पिंपळावरून कावळे उतरले. समोरच्या काठावरून बगळे आले. खालच्या पायरीशी माशांनी पाणी उकळल्यासारखं केलं. सगळे येऊन आमच्याकडं बघत राहिले.

सलीमभाईनं शिट्टी हळूच तोंडातून काढली. "दत्ता, सहा म्हैनं झालं, आपण ह्यास्नी जेवायला बोलवायलोय!"

खरंच होतं. कुणी खाणं टाकलं की शिट्टी, हे आम्ही इतक्या इमानानं केलेलं की पक्ष्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. शिट्टी झाली म्हणजे पान वाढलं!

आणि त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. खुर्ची दिली, चहा दिला, बशीत दोन बिस्किटं. साहेब म्हणाले, "शिट्टी वाजवून दाखवा." आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पण साहेबांचा हुकूम! वाजवली. चाळीसएक कावळे साहेबांच्या भोवती उतरले. एकानं बशीतलं बिस्किट उचललं.

साहेब जागचे हलले नाहीत. ते गेल्यावर वहीतला शेरा वाचला. 'शिट्टीस पक्ष्यांचा प्रतिसाद उत्तम.'

आम्ही त्याच दिवशी दोन्ही शिट्ट्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवल्या. पुन्हा काढल्या नाहीत.

* * *

घाटाच्या एका टोकाला दहाव्याचे विधी होतात. भाताचे पिंड ठेवायचे आणि कावळा शिवायची वाट बघायची. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा पूर्ण झाली. नाही शिवला, की काहीतरी राहिलं. एका सकाळी गुरुजी पाटी वाचून माझ्याकडं आले. "पक्ष्यांना खाद्य मनाई. मग पिंडाचं काय?"

मी साहेबांना फोन लावला. पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"पिंड हे खाद्य नव्हे, विधी आहे," साहेब म्हणाले. "चालेल. मात्र कावळ्यानं एकदाच शिवायचं. पुन्हा पुन्हा नाही."

गुरुजींना सांगितलं. त्यांनी आभाळाकडं बघून हात जोडले. "एकदा शिवला तरी उपकार झाले!"

* * *

नानांची भाकरी मात्र बसत नव्हती कुठल्याच नियमात. एक दिवस मी त्यांच्या शेजारी बसलो आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, "नाना, कावळ्यावरच का एवढा जीव?"

नानांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं. "मालतीच्या दहाव्याला कावळा शिवला न्हाय. तीन तास बसलो. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, त्यो शिवीवला आणि उठलो. गवताचा कावळा, दत्ता! तिचं काय ऱ्हायलं हुतं ते मला अजून कळलं न्हाय. माझ्या येळंला पोरांस्नी तसं घरला जायला लागू नये. म्हणून वळख ठेवलीया ह्यांच्याशी."

मी सगळं ऐकून घेतलं. पण उठताना म्हणालो, "नाना, एकाला सोडलं तर उद्या शंभर जण डबा घेऊन येतील." हे मीच म्हणालो, दुसरं कुणी नाही.

नानांनी डब्याला झाकण लावलं. "बरोबर हाय तुझं," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी भाकरी आणली नाही. छत्रीसुद्धा नाही. सातला यायचे, चौथ्या पायरीवर रिकाम्या हातानं बसायचे. कावळे आठवडाभर भोवती फिरले, मग लांब बसायला लागले, मग येईनासेच झाले.

"वळख मोडली बघ," एकदा नाना मला म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, हवापाण्याचं बोलावं तसं. मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. तरी मी काही केलं नाही.

* * *

नाना श्रावण संपता संपता गेले. दहावा आमच्याच घाटावर. मुलगा आलेला, मुलगी आलेली, भावकी आलेली. पिंड ठेवले, सगळे मागं सरकले. पिंपळावर कावळे होते, पण एकही हलेना.

मुलगा पुढं झाला, हात जोडले. "नाना, घर इकणार न्हाय." काही नाही. मुलगी म्हणाली, "दादाला आणि मला भांडू देणार न्हाय आमी." काही नाही. एक चुलतभाऊ घसा खाकरून म्हणाला, "नाना, बांध दोन हात सरकीवला हुता, त्यो मागं घेतो." कावळा आला नाही, पण सगळ्या भावकीनं ऐकलं!

दीड तास झाला. भात वाळायला लागला. गुरुजींनी मुलाकडं बघितलं आणि पिशवीतून दर्भ काढला. दोन पाती घेऊन पीळ घालायला लागले. ते बघून मुलगी मटकन खाली बसली. "आईलाबी गवताचाच," एवढंच म्हणाली.

मी लांब उभा होतो. माझ्यानं तिकडं बघवेना. एवढ्यात सलीमभाई केबिनकडून आला. त्यानं माझा हात धरला आणि तळव्यावर शिट्टी ठेवली. वर्षाची धूळ होती तिच्यावर.

मी ती शर्टाला पुसली. पिंडापाशी गेलो. गुरुजी दर्भ हातात धरून थांबले. नानांचा मुलगा माझ्याकडं बघत होता, हा कोण माणूस म्हणून. मी मनात म्हणालो, नाना, चुकलं माझं. आणि शिट्टी वाजवली. आवाज कसाबसा निघाला.

पिंपळ तसाच. कुणी हललं नाही.

सलीमभाई मागून म्हणाला, "दत्ता, नानांस्नी कमी ऐकू यायचं. जोरात वाजीव."

मी छाती भरून श्वास घेतला आणि सगळा घाट दणाणेल अशी वाजवली. पिंपळावरून एक कावळा सुटला. खालून चौथ्या पायरीवर उतरला, जरा इकडंतिकडं बघितलं आणि तिथून सरळ पिंडाकडं चालत गेला.