दोरीचा बांध

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी दोन वर्षं नुसती वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसलेय. चिंचेखालची बाई, मागून हाक, पैंजणांचा आवाज... आमच्या घरी कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर माझी लेक सायली शेजारी बसून गालात हसतेय. हसू दे. त्या दिवशी ती होतीच माझ्याबरोबर.

मी वेल्हे तालुक्यात, मार्गासनीच्या जवळ राहते. नऊ वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते. पोरांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. आमच्या सेविका बाई दिवाळीनंतर निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या जागी मीच यावं असं गावातल्या सगळ्या आयांना वाटत होतं, मलाही फार वाटत होतं — पण सेविका व्हायला बारावी लागते आणि माझं शिक्षण दहावीवर थांबलेलं. मग बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि अडतिसाव्या वर्षी परीक्षेला बसले.

बाकी सगळे विषय निघाले. भूगोलात गेले.

त्यातही प्रॅक्टिकलला जे झालं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. डोंगराच्या समोच्च रेषा काढायच्या होत्या. म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेघा. त्या गोल गोल, वेड्यावाकड्या असतात. माझी रेघ काही नीट येईना, आणि वाकडी रेघ म्हणजे मार्क जाणार असं डोक्यात बसलेलं. म्हणून मी पट्टी काढली. सहाच्या सहा रेघा पट्टीनं मारल्या, एकदम टापटीप. परीक्षक बाईंनी कागद सुलटा धरून बघितला, उलटा धरून बघितला आणि म्हणाल्या, "ही वही आखलीये का?"

आमचे हे दुधाचा टेम्पो चालवतात. त्यांना कळलं तसं दोन दिवस हसत होते. "राजगड सरळ केलास व्हय गं? बरं झालं, चढायला सोपा." मीही वरवर हसले. पण दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तांदूळ निवडताना रडू आलं ते थांबेना. जुलैच्या फेरपरीक्षेत सुटले नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार, आणि मी जन्मभर खिचडीच ढवळणार, एवढं सरळ गणित होतं.

मे महिन्यात शेजारी लग्न होतं. सकाळपासून डीजे. घरात पुस्तक उघडायची सोय नाही. मी ह्यांना म्हटलं, आम्हा दोघींना धरणावर सोडा.

माझं माहेर गुंजवणी धरणाच्या बाजूला, एक लहानशी वाडी. मी आठवीत असताना धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी खाली सरकतं तेव्हा वरच्या अंगाची थोडी जमीन उघडी पडते, वाडी आणि आमची भाताची खाचरं मात्र मेमध्येही पाण्याखालीच असतात. तरी मला तिथं बरं वाटतं. ह्यांनी आम्हाला आठाच्या सुमारास रस्त्याला सोडलं आणि दूध घालून अकराला येतो म्हणाले.

सायली मोबाईल घेऊन वर जांभळीखाली बसली. मी खाली, पाण्यापासून दहा-बारा पावलांवर एका दगडावर पुस्तक घेऊन बसले. दगडाच्या चौफेर ओला गाळ, चपला रुतत होत्या. ऊन कोवळं होतं. समोच्च रेषांचा धडा तिसऱ्यांदा वाचला आणि तिसऱ्यांदा डोक्यावरून गेला.

"काय वाचतीस बाय?"

मान वर केली तर समोर एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसलेले. गुडघ्यापर्यंत धोतर, बंडी, मोठाले कान. कुठून आले ते मी पाहिलं नाही, पण माझं डोकं पुस्तकात होतं, त्यामुळे त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"भूगोल, आजोबा," मी म्हटलं. कुणाही म्हाताऱ्या माणसाला म्हणतो तसं.

"आन् ह्या रेघा कसल्या?"

"त्याच तर कळत नाहीत. सारख्या उंचीची ठिकाणं जोडायची म्हणतात. आता डोंगराला सारखी उंची कुठं दिसते का?"

"दिसती की. खाचराचा बांध मग काय आसतो?"

मी पुस्तक मिटलं. बारावीचं पुस्तक, गाईड, यूट्यूबवरचे तीन सर, सगळे करून झाले होते. आणि मी भातशेतकऱ्याची पोर. बांध म्हणजे पाणी जिथं एका उंचीला उभं राहतं तिथली रेघ, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? पण सांगायला लागलं खरं.

त्यांनी एक काटकी घेतली आणि गाळाच्या उतारावर रेघा ओढायला लागले. एकाखाली एक, सात. मध्ये डोंगराची सोंड पुढं आलेली, दोन्ही अंगांना ओढे. "हितं बांध जवळ जवळ, म्हंजे चढण उभी. हितं लांब लांब, म्हंजे सपाट. वढ्यापाशी बांध आत वळतो, सोंडंवर भाईर येतो. आन् बांध बांधाला कवाच कापत न्हाई. का?"

"का?"

"अगं, येकच पानी दोन उंचीला उभं ऱ्हाईल का?"

मग ते उठले, पाण्यापाशी गेले, ओंजळ भरून आणली आणि पहिल्या रेघेत सोडली. त्या उतरत्या गाळावर पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं राहिलं. थेंबभर सांडलं नाही. दुसरी, तिसरी, तसंच. चौथी रेघ मात्र नुसती सरळ होती. तिच्यात पाणी टाकलं तर ते एका टोकाला गोळा झालं आणि खाली पळालं.

खालच्या तिन्ही रेघांत पुन्हा नीट बसलं. मग चौथीकडं काटकी करून ते खुदकन हसले. "ही माजी. लई शाना व्हतो म्या. मोजणीवाल्याची दोरी बगितली, म्हनलं आपला बी बांध सरळ झोकात दिसू दे. दोरी लावून घातला. पानी बसलंच न्हाई. पानी दोरीचं ऐकत न्हाई बाय."

"मी पट्टी लावली होती," मी म्हणाले. परक्या माणसाला कसं सांगितलं कोण जाणे. "परीक्षेत."

त्यावर ते एवढे हसले की त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्यांचं बघून मीही. नापास झाल्यापासून पहिल्यांदा मी मनापासून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. छातीवर इतके दिवस बसलेला धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं.

"पास झालीस की सांग," ते म्हणाले.

"कुठं सांगू? राहता कुठं तुम्ही?"

"हितंच की. हितं सांग."

तेवढ्यात वर रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी वळून ह्यांना हात केला, परत पाहिलं तर आजोबा नाहीत. सायली खाली येत होती. "आई, कोण होते गं ते? काय हसत होतात दोघं." म्हणजे तिनं पाहिलं होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर म्हणाल, बाईला ऊन लागलं.

तिनं त्या रेघांचा फोटो काढला. सहा रेघांत पाणी चमकतंय, चौथी कोरडी. फोटो काढता काढता ती म्हणाली, "आई... ते गेले कुठून?"

गाळात माझ्या चपलांचे ठसे होते. तिचे होते. ते जिथं बसले होते तिथला गाळ नुकत्या सारवलेल्या जमिनीसारखा होता, आणि तिथून पाण्यापर्यंत, जिथून ते ओंजळ घेऊन सात वेळा आले-गेले, एक पाऊल उमटलेलं नव्हतं. ह्यांनी खाली येऊन सगळं बघितलं. "कातळावरून गेले आसतील," म्हणाले. आसपास कातळ नव्हता.

भीती वाटायला पाहिजे होती ना? नाही वाटली. मला सडकून भूक लागली होती आणि कधी एकदा घरी जाऊन रेघा काढते असं झालं होतं. त्या दिवशी मी आख्खं जर्नल भरलं. पट्टी सायलीच्या दप्तरात टाकली.

जुलैत दोन एसट्या बदलून भोरला गेले. धो धो पाऊस. प्रॅक्टिकलला यावेळी एक सर होते. मी हातानं रेघा काढल्या, वाकड्या, पण प्रत्येक रेघ काढताना मनात पाणी सोडून बघत होते. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "समोच्च रेषा एकमेकींना का छेदत नाहीत?"

"सर, एकच पाणी दोन उंचीला उभं राहील का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शेती आहे का घरची?"

"होती सर. धरणात गेली."

त्यांनी हसून मान हलवली आणि पेन परत उचललं.

पास झाले. अंगणवाडीतल्या पोरांना काही कळलं नाही, पण सगळे नाचले म्हणून तीही नाचली. ह्यांनी दूध घालता घालता दहा गावांत सांगितलं. मी पेढे घेऊन माझ्या चुलत्यांकडं, नानांकडं गेले. धरण झाल्यावर ते वरव्याजवळ राहायला गेलेत. आता ऐंशीच्या घरात आहेत. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, वाडीतलं जुनं विचारायला आता तेवढेच उरलेत. सायलीनं त्यांना सहज तो फोटो दाखवला. कुठला, कसा, काही सांगितलं नव्हतं.

नानांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. मग बोटानं मोजायला लागले. "हे तर आपलं चढणीचं शेत. ह्यो वरला वढा, ह्यो खालचा." बोट चौथ्या रेघेवर थांबलं. "आन् ह्यो दोरीचा बांध. तुला गं कुनी सांगितला?"

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही, तुम्ही सांगा.

"आमच्या बापानं घातला व्हता. तुजा आज्जा. कुनाचं ऐकलं न्हाई, दोरी लावली. सगळं पानी शेजाऱ्याच्या खाचरात. वाडी हसून हसून मेली. पुढल्या सालाला मोडून नीट घातला. तुज्या बापाला लाज वाटायची, त्यो कवाच बोलला न्हाई." नाना स्वतःच हसायला लागले. त्यांचेही खांदे तसेच हलत होते.

आज्जा मी पाहिलेला नाही. माझ्या जन्माआधी गेला. घरात त्याचा फोटोही नव्हता. सरळ बांध तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मोडला होता. लहानपणी कुणाच्या तोंडून ऐकलं असेल आणि विसरले असेन, असं मी स्वतःला खूप समजावून पाहिलं. मग सायलीनं पाहिलं ते काय? आणि मोबाईलमध्ये आहे ते? तुमच्यापैकी कुणाला उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा. मला सापडलेलं नाही, आणि खरं सांगू का, मी आता शोधतही नाही.

सेविकेची ऑर्डर हातात आली त्या दिवशी ह्यांना म्हटलं, टेम्पो धरणाकडं घ्या. पाणी पार वरपर्यंत भरलं होतं, मी बसले होते तो दगडही दिसत नव्हता. हे वर टेम्पोत थांबले. मी काठावर गेले. कुणी बघत नाही ना ते आधी बघून घेतलं, कारण मोठ्यानं बोलायचं होतं.

"पास झाले आजोबा," मी म्हटलं. "पट्टी लावली नाही."