हारातला विजेता
गुलालाचा वास आला की धामणकर नाक्यावरचं लॉटरीचं दुकान आठवतं आणि डोकं सणकतं. बंपर लागली म्हणून दुकानदाराने एकाला गुलाल लावून हार घातला होता, ताशे वाजत होते, आणि आईच्या चष्म्याचे पैसे घेऊन बाबा रांगेत उभे होते. जिंकलेला माणूस सारखा घड्याळात का बघतोय? मला शंका आली. जवळ गेलो, तर तो आमच्या दिघाशी गावचाच निघाला. "मामा, किती लागली?" "कसली लागतेय? मी तिकीटच काढलं न्हाय. हार घालून उभा राहा, बिर्याणी देतो, बोलले." मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिकीट न काढता बिर्याणी? मग दुकानाला बरकत हाय!" आणि पैसे आत सरकवले. आज मी तिथेच लॉटरीविरुद्ध पत्रकं वाटतो. आई अजून सुईत दोरा माझ्याकडूनच ओवून घेते.