मास्तरांची गाडी जाम झाली की

चष्मा कपाळावर चढवायचा, दोन्ही हात लुंगीला पुसायचे आणि म्हणायचं, "घाई काऊन करता भाऊ? लोखंड हाय, पळून थोडीच जाऊन राह्यलं!" आमच्या गल्लीतले मास्तर हे वाक्य इतक्या समाधानाने म्हणत, की मला तिथून उठून घरी जावंसं वाटे. पण घरी जाऊन तरी काय? घर त्यांच्या दारासमोरच.

नांदुऱ्यात माझं गॅरेज आहे. ब्रेकचं काम ही माझी खासियत. आणि माझ्याच घराच्या दारासमोर उर्दू शाळेतून निवृत्त झालेला एक मास्तर मोबाइल विटेला टेकवतो, त्यातला व्हिडिओ बघत बघत आपल्या जुन्या गाडीचा जाम झालेला ब्रेक घरच्या घरी खोलतो, आणि गल्ली कौतुकाने उभी राहते. तुम्हीच सांगा, आचाऱ्याच्या घरासमोर कोणी करपलेली खिचडी वाढायला घेतली आणि लोक तिथेच पंगतीला बसले, तर त्या आचाऱ्याने काय करावं?

पण गल्लीचं मी मनावर घेतलं नसतं. माझं दुखणं वेगळं होतं. त्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, माझे वडील बसलेले असत.

ब्रेक खोलला की तेलाच्या नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकापाशी हवा सोडायचा छोटा स्क्रू, निप्पल, ढिलं करून बुडबुडे बाहेर काढायचे. माझ्या गॅरेजात हे काम मशीन करतं. मोठ्या हौसेने घेतलंय मी ते. बाबा एस.टी.तून रिटायर झाले तेव्हा पहिल्या दिवशी गॅरेजवर आले होते. खुर्चीवर बसले, चहा प्याले, इकडेतिकडे पाहिलं. "माहं काय काम हाय इथं?" म्हणाले आणि निघून गेले. पुन्हा फिरकले नाहीत.

मास्तरांकडे मशीन नव्हतं. म्हणून त्यांनी समोरच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला हाक मारली. "ड्रायवर साहेब, जरा पाय लावता का?" ड्रायवर साहेब! डेपो सुटल्यापासून बाबांना कोणी असं म्हटलं नव्हतं. मी बाबा म्हणतो, बायको मामंजी म्हणते, पोरं आबा म्हणतात. त्या हाकेसरशी आमचा गुडघेदुखीवाला म्हातारा असा उठला, की मी खिडकीतून बघतच राहिलो.

गाडी जाम का व्हायची, तेही ऐका. मास्तर पावसाळ्यात गाडी काढत नसत. आषाढ लागला की ती लिंबाखाली उभी राही, आणि बाबा स्वतः जाऊन तिचा हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून ठेवत. चार महिने ओलीत राहून चाकातले ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसत. मी किती वेळा सांगितलं, "बाबा, हँडब्रेक सोडून ठेवा. चाकाले दगड लावला का झालं."

"यष्टीत जिंदगी गेली माही," बाबा म्हणत. "उभी गाडी बिनाब्रेकची सोडत नसतात. तू मले शिकवतं काय बे?"

"मंग जाम होते ना!"

"जाम झाली तं खोलू," मास्तर मधेच म्हणत. "ड्रायवर साहेब हायेत ना."

दसऱ्याच्या आधी घरोघरी भांडीकुंडी निघतात, तशी यांची गाडी दरवर्षी खोलायला निघे. आठवडाभर ते काम चाले. माझ्याकडे तेवढं काम दुपारच्या जेवणाआधी उरकतं. मी गॅरेजवर जाता-येता बघायचो. बाबा ब्रेकवर पाय ठेवून काहीतरी सांगताहेत, मास्तर गाडीखाली हसून लोळताहेत. जवळ गेलं की दोघं गप्प. "काय चाललंय?" विचारलं तर, "काही नाही, हवा काढून राह्यलो."

एका वर्षी मास्तरांनी ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं रॉकेलने धुतली. रॉकेल लागलं की रबर फुगतं, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडी कशीबशी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि चाक पुन्हा आवळून बसलं. मी मनापासून हसलो. म्हटलं, आता तरी बाबांना कळेल कोण कारागीर आणि कोण हौशी. बाबा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "होते. शिकते माणूस."

शिकते माणूस! मी शिकत होतो तेव्हा माझ्या हातून एक बोल्ट तुटला होता. बाबांनी चारचौघांत कानाखाली वाजवली होती. "हात हाय का खुरपं?" हे तेव्हाचे त्यांचे शब्द. मग एवढी माया इतकी वर्षं कुठे ठेवली होती? आणि ती काढून दिली कोणाला, तर समोरच्याला! मला मास्तरांचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जेवताना घास अडकावा असा.

दसऱ्याला तर कहरच. सकाळी गॅरेजात अवजारं मांडलेली, हळदकुंकू तयार, नारळ हातात आणि बाबांचा पत्ता नाही. बाबा मास्तरांच्या गाडीला झेंडूचा हार घालत होते. मास्तर शेजारी नवा कुर्ता घालून उभे, हातात पेढ्याचा डबा. मला बघून त्यांनी पेढा पुढे केला. "घ्या भाऊ, आमच्या गाडीचा दसरा हाय." पेढा चांगला होता, याचाही राग आला.

मास्तर उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कब्रस्तानात बाबा माती द्यायला वाकले आणि तिथेच बसले. मी त्यांना धरून उठवलं. ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आजी गेली तेव्हाही त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. लोक मास्तरांसाठी हळहळत होते, आणि मी त्या ताज्या मातीकडे बघत विचार करत होतो, की मी गेलो तर हा माणूस असा रडेल का? जिवंत माणसाने मेलेल्याचा हेवा करावा, अशी पाळी माझ्यावर आली होती.

आषाढात बाबांनी नेहमीसारखा हँडब्रेक ओढून ठेवला. मी यंदा काही बोललो नाही.

पाऊस ओसरला आणि एका सकाळी बाबा गॅरेजच्या दारात उभे. "चाल," म्हणाले. "मास्तरची गाडी. वरवट बकालचं गिऱ्हाईक हाय, उद्या नेणार हाय. मास्तरच्या घरून भाभीनं सांगतलं, चाक मोकळं करून द्या."

मी पेटी उचलली. मशीन तिथेच राहू दिलं.

चाक मोकळं केलं, रबरं बदलली. बाबा आत जाऊन बसले. मी खाली आडवा होऊन निप्पलला पाना लावला. "दाबा," म्हटलं. त्यांनी दाबला. "धरा." धरला. "सोडा." बराच वेळ तेवढंच बोलणं चाललं. मग वरून बाबांचा आवाज आला, जरा वेगळा.

"राजूरच्या घाटात एकदा काय झालं, माह्या गाडीतून नवरदेवच उतरून पयाला."

"नवरदेव?"

"हाव ना! बाशिंग बांधलेला. अख्खं वऱ्हाड गाडीत, अन् हा जंगलात."

मी पाना धरून तसाच पडून राहिलो. ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. मास्तरांनी मात्र कितीदा ऐकली असेल!

"मंग?" मी विचारलं.

बाबा थांबले. "तुहं झालं काय पण? उतरू का मी?"

नळीतून बाटलीत स्वच्छ तेल उतरत होतं. एकही बुडबुडा नव्हता.

"नाही बाबा," मी म्हणालो, "हवा हाय अजून. दाबा."