खड्यांवर मोजल्याली वानरं

"पिल्लं मेली म्हणता, पण तुमच्या मोजणीत पिल्लं नव्हतीच, भागाबाई." सायबांनी वही माज्याम्होरं धरली.

सायेब पुन्याचे. वानरं कुटं कशी टोळी करून ऱ्हात्यात, त्येचा आब्यास करायला खर्ड्याला आल्ते. बहात्तरचा दुष्काळ. मी पोर पाटीला बांदून उनात खडी फोडायची. सायबांनी मला मोजनीला घेतलं तवा सावली मिळाली. बाया म्हनायच्या, "आली माकडांची मास्तरीन."

किल्ल्याखाली वडाची झाडं, हिरीला वाईच पानी. तितं समद्या वानरिनी अन् हुप्प्या येकच. हुप्प्या म्हंजी मोठा नर. उगड्या माळावर निसते नर. सायेब सांगायचे, पाला-पानी तितं माद्या टिकत्यात. येक नर ती जागा राकतो, बाकीच्यांला माळावर हाकलतो. सकाळी टोळी खाली उतरली की मी येका वानराला येक खडा ठिवायची. सायेब खडे बगून वहीत लिवायचे.

माळ पार सुकला तवा तितले नर वडाकडं सरकले. येकानं जुना हुप्प्या पळवला अन् पोटाशी लागल्याली पिल्लं मारली. नवा नर असं करतो हे सायबांनी आयकल्यालं. त्येच त्यांला लिवायचं हुतं. ते नेमके चार दिस पुन्याला गेल्ते; बगितलं मी येकटीनं.

"मोजणी खोटी असेल तर मला दुसरं माणूस बघावं लागेल," सायेब म्हनाले. म्हंजी मी परत खडीवर.

मी सांगितलं, "सायेब, आमच्यात अंगावरचं लेकरू मोजत न्हाईत. नजर लागती."

त्यांनी इचारलं, "तुमच्या घरात माणसं किती?"

"तिगं. मी, मालक, सासूबाई."

"आणि ही?"

काशी माज्या मांडीवर पीत हुती. मी तिच्यावर पदर घेतला.

सायबांनी पानांवर आडवी रेघ मारली. तीन म्हयन्यांचं काम गेलं. मेल्याली पिल्लं लिवा म्हनून मी लई इनवलं. ते म्हनाले, जिवंत असताना नोंदली नाहीत, ती मेली असं कसं लिहू? मला मातूर काडलं न्हाई. उद्यापासनं पिल्लंबी मोजा, म्हनाले.

फुडं वडाखाली नवी पिल्लं झाली. पिल्लाचा पैला बारका खडा मी काशीला पदराखाली घिऊनच ठिवला. ती समदी जगली. आज वड गेला, वानरं गेली, काशीला नातू झाला. मोजल्यानं कुनाला काय झालं न्हाई. न मोजल्याली तेवडी मलाच ठावं हायेत.