कॅमेऱ्यातलं कुंकू

माझा जुना कॅमेरा आता अकोल्याला राहतो. जठारपेठेत, माझ्या नणंदेच्या घरी, तिच्या मुलीच्या कपाटात. वाक्य दिसायला साधं आहे, पण ते मी दातओठ खात लिहिलंय.

अमरावतीत मला बायकांच्या कार्यक्रमांची फोटोग्राफर म्हणून ओळखतात. हळद, बारसं, डोहाळजेवण. बायकांच्या घोळक्यात पुरुष फोटोग्राफर शिरला की पदर सावरले जातात आणि चेहऱ्यावर फोटोतलं हसू येतं. मी गेले की कोणी काही सावरत नाही. ही सगळी कमाई मी त्या एका कॅमेऱ्यावर केली. त्याच्या मुठीवरचं रबर माझ्या बोटांच्या मापानं झिजलं होतं. बटण दाबलं की तो खटाक् असा मोठा आवाज करायचा. त्या आवाजानं रडतं बाळ गप्प होतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. माझा नवरा म्हणायचा, "भिऊन होत असन." त्याचं आणि कॅमेऱ्याचं कधी पटलंच नाही. सहलीला गेलो तरी खिडकीजवळची जागा कॅमेऱ्याला मिळायची.

आता त्या कुंकवाचं सांगते. कॅमेरा घेतला त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी त्याची साग्रसंगीत पूजा मांडली. पाटावर लाल कापड घातलं. आमच्याकडे हत्यारांची पूजा करताना एकालाही वगळत नाहीत, रुसतात म्हणे. म्हणून मी लेन्स काढून वेगळी ठेवली, बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा, आणि कॅमेरा तोंड उघडं ठेवून मधोमध. मग प्रत्येकाला हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कॅमेऱ्याचं कुंकू सरळ त्याच्या पोटात गेलं. दुरुस्तीवाल्यानं डोक्यावर हात मारून घेतला. त्यानं बरंचसं काढलं, पण एक कण आत चिकटून राहिला तो राहिलाच. तो म्हणाला, "फोटोत येनार नाही ताई, पाहताना फक्त तुमालेच दिसन."

फक्त मलाच! मला ते फार आवडलं. कॅमेऱ्याला डोळा लावला की मध्याच्या थोडं वर, डावीकडे, एक लाल ठिपका दिसायचा. पुढे हाताला सवयच लागली. समोर नवरी असो, बाळंतीण असो, म्हातारी आत्या असो, तिचं कपाळ त्या ठिपक्याखाली आणायचं आणि मग बटण दाबायचं. प्रत्येक बाईला मी आधी कुंकू लावायचे, मग तिचा फोटो काढायचे. हे कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

मग लोकांना फोटोपेक्षा व्हिडिओ जास्त हवे झाले आणि मी नवा कॅमेरा घेतला. हलका आहे, हुशार आहे, आवाज करत नाही. डोळा लावला की आत छोटा टीव्हीच. त्याच सुमारास भाचीनं फोटोग्राफी करायचं मनावर घेतलं. नणंद जेवता जेवता म्हणाली, "वहिनी, तुमचा जुना पडूनच हाय ना? पोरीले द्या. घरातच राहीन." आता नणंदेला नाही कोण म्हणणार? मी "हो, घेऊन जा" म्हटलं आणि ताटातला भात तसाच ठेवून उठले. मनात म्हटलं, पोरीची हौस आहे, चार महिन्यांत फिटेल आणि कॅमेरा माझा मला परत मिळेल.

हौस फिटली नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी तिचं स्टेटस बघू लागले. फोटो मोठा करून करून बघायचा आणि चूक शोधायची. सापडली की चहा गोड लागायचा. एकदा तिनं आरशासमोर स्वतःचाच फोटो टाकला. गळ्यात माझा कॅमेरा आणि त्याला रंगीबेरंगी, गोंडे लावलेला पट्टा. माझा काळा पट्टा कुठे गेला? मी सरळ फोन लावला. ती म्हणाली, "मामी, तो लय मयकट झाला होता." तो मळ माझ्या मानेचा होता, तो काढायचा हिला कोणी अधिकार दिला? नवरा म्हणाला, "मी घर सोडून गेलो तर एवढी चिडशीन का?" मी तो पट्टा आणखी मोठा करून बघत राहिले, आणि त्यावरून तो दोन दिवस फुगून बसला.

मोर्शीला एका संत्र्याच्या बागाईतदारांकडे सुनेचं डोहाळजेवण होतं. काम माझं होतं. मी भाचीला मदतीला बोलावलं. मदत कसली, मला माझा कॅमेरा बघायचा होता. ती आली. दिवसभर ती एका बाजूला खटाक् खटाक् करत होती आणि मी दुसऱ्या बाजूला मुक्यानं काम करत होते. प्रत्येक खटाक्‌ला माझी मान तिकडे वळायची. नाव ऐकू आल्यावर वळते तशी.

फोटो पाठवले. कोणता कोणी काढला हे घरच्यांना माहीत नव्हतं. दिवाणखान्यात मोठा करून लावायला त्यांनी एकच निवडला. सून हिरव्या साडीत झोपाळ्यावर, कोणीतरी कानात काहीतरी सांगतंय आणि तिला हसू आवरत नाहीये. फोटो भाचीचा होता. तो मोठा करून द्यायला गेले तेव्हा मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. घरी येऊन तो फोटो पुन्हा उघडला. सुनेचं कपाळ मध्याच्या थोडं वर, डावीकडे होतं. मी तिचे बाकीचे फोटो उघडून पाहिले. तिथंही तसंच. म्हणजे माझा ठिपका हिला सापडला होता. माझ्या कुंकवावर ही आपलं नाव करत होती. आणि मी त्याच दिवशी काढलेले फोटो? एकातही कपाळ जागेवर नव्हतं. त्या टीव्हीत ठिपका कुठून आणू? तेव्हाच ठरवलं, कॅमेरा परत मागायचा. नणंद रुसली तर रुसू दे.

खंडेनवमीला मी अकोल्याला गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत काय बोलायचं ते मनात घोकत होते. पोचले तर पाट मांडलेला. माझा नवा कॅमेरा भाचीनं जुन्याच्या शेजारी ठेवला. जुन्याला बोट लावून एवढंसं कुंकू लावलं होतं, तेही पट्ट्याच्या कडीला. आमच्याकडे पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलत नाहीत. म्हणजे हातभर अंतरावर होता आणि हात लावता येत नव्हता. राहवेना, तेव्हा मी विचारलं, "आतलं कुंकू तुला कधी दिसलं?"

"कोनतं कुंकू?"

"ठिपका. लाल. डोळा लावला की दिसतो तो."

"हां, तो! आला तवाच साफ करून घेतला, मामी. मले वाटलं घान हाय."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण त्याआधी दुसरं काहीतरी ध्यानात आलं. "मग सगळ्यांचं कपाळ तू त्याच जागेवर कसं आणतेस?"

तिला प्रश्नच कळेना. "कपाळ तिथंच असते ना? तुमच्या फोटोत तर तिथंच असते. माझ्या बारशापासून तुमचेच फोटो पाहून राहिली मी."

कॅमेरा परत मागायचं मी तिथंच सोडून दिलं. मागून काय मिळणार होतं? कॅमेऱ्यावर जळत होते तोवर एक बरं होतं, तो परत आणता आला असता. आता जळायचं तिच्या डोळ्यावर, आणि तो मीच तिला दिलेला. इतकी जळले की त्या दिवशीची पुरणपोळी मला कडू लागली.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं देऊन झालं. ती पाया पडली, आणि पाटावरून जुना कॅमेरा उचलून तिनं माझ्या हातात दिला. "मामी, पयला फोटो तुमी काढा. माझा काढा."

बोटं आपोआप रबरावरच्या खळग्यांत बसली. डोळा लावला. आत सगळं लख्ख होतं. ती तोरणाखाली उभी होती आणि मला तिला कुठं ठेवावं ते कळेना. मी उगाच पुढे-मागे झाले. लहानपणी तिला किती वेळा म्हटलं असेल, जरा तिकडे सरक, मान किंचित वर. आता मी काहीच बोलले नव्हते. ती आपणहून जराशी बाजूला सरकली, मान वर केली, आणि तिचं कपाळ त्या जागेवर येऊन थांबलं.

मी बटण दाबलं. खटाक्.

"दाखवा, दाखवा," म्हणत ती धावत आली आणि तिनं कॅमेरा धरला. तो गोंड्यांचा पट्टा माझ्या मुठीत तसाच होता.

"सोडा ना मामी," ती म्हणाली.