आधी ‘कान्ट’ शिकवा

“कॅन यू ड्राइव्ह अ फोर्कलिफ्ट?” मी विचारलं.

“आय विल सी,” शीतल म्हणाली.

मी पेन टेबलावर आपटलं. कंपनीचे लोक त्याच आठवड्यात मुलाखती घ्यायला येणार होते आणि ही पोरगी, गाडी चालवता येते का, या साध्या प्रश्नाला ‘बघते’ म्हणत होती.

बीडच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये मी स्पोकन इंग्लिश शिकवते. शीतल नांदूरघाटकडची. तिचे आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. शाळा सुटल्यापासून तीही जायची. यंदा तिनं आमच्याकडे फोर्कलिफ्टचा कोर्स केला. फोर्कलिफ्ट म्हणजे गोदामात माल उचलून उंच रॅकवर रचणारी गाडी. प्रॅक्टिकलला तिचा हात इतका साफ, की बाकीची पोरं बघत उभी राहायची. नोकरी मिळाली तर पुण्याचं गोदाम, नाही तर कोयता ठरलेला. मुकादमानं, म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणाऱ्या माणसानं, तिला टोळीत धरलेलंच होतं.

आपल्याला काय येतं ते इंग्रजीत ‘कॅन’ लावून सांगतात. पूर्वी येत होतं ते ‘कुड’, पुढे येईल ते ‘विल बी एबल टू’. मराठीत आपण ‘येतं’, ‘जमतं’ म्हणतो, तसंच. यात अवघड काही नाही. कागदावर शीतलची एकही चूक नव्हती. तोंड उघडलं की मात्र ‘आय विल सी’, नाहीतर ‘आय विल ट्राय’. मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मराठीत विचारलं, “अगं, तुला गाडी येते ना?”

“येती की, मॅडम.”

“मग येते म्हणायला काय धाड भरलीय?”

ती हसली. “टोळीत तसं न्हाई म्हणत, मॅडम. माझी आई एकदा मुकादमाला म्हणली, मला मोळ्या चढवाया येतंय. मग काय, अख्खा सीझन गाडी तिनंच भरली. येतंय म्हणलं की ते काम आपल्याच गळ्यात. म्हणून आमी ‘बघते’ म्हणतो.”

“आणि जमणार नसेल तर?”

“न्हाई तर म्हणताच येत न्हाई. ‘कावून? का न्हाई?’ म्हणून समद्यांदेखत बोलतो त्यो. तवाबी ‘बघते’च.”

मला राग आला, पण आता तिचा नव्हे. येतं म्हटलं की ओझं, नाही म्हटलं की शिव्या. अशा ठिकाणी वाढलेल्या पोरीला मी ‘कॅन’ घोकायला लावत होते!

मी फळा पुसला. ‘कॅन’ बाजूला ठेवलं आणि फक्त ‘कान्ट’ घ्यायला लागले. मी स्वतः मुकादम झाले. कमरेवर हात ठेवून ओरडायचे, “कॅन यू लोड टू ट्रक्स अलोन?”

“नो मॅडम, आय कान्ट.” सुरुवातीला तिचा आवाजच फुटेना. हळूहळू तिला गोडी लागली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तर ती मला धडाधड नकार देत होती. आणि मग, मी न सांगताच म्हणाली, “आय कान्ट लोड टू ट्रक्स. आय कॅन लोड वन.”

मुलाखतीच्या खोलीत सेंटरतर्फे मी कोपऱ्यात बसले होते. समोर कंपनीचे एचआर साहेब आणि सेफ्टी ऑफिसर. ऑफिसर मोबाइलमध्ये डोकं घालून होते.

“कॅन यू ड्राइव्ह अ फोर्कलिफ्ट?” एचआर साहेबांनी विचारलं.

“येस सर, आय कॅन.”

“टॉप रॅकपर्यंत?”

“आय कॅन, सर.”

साहेब खूश झाले. “गर्दीच्या दिवसांत आम्हाला लागोपाठ दोन शिफ्ट लागतात. कॅन यू डू दॅट?”

“नो सर. आय कान्ट.”

हे हात दाखवून अवलक्षण, आणि तेही माझ्याच शिकवणीनं!

“व्हाय?”

“आफ्टर वन शिफ्ट, आय कान्ट सी हाइट करेक्टली.” पुढचं इंग्रजी सुचेना, तशी ती मराठीवर आली. “माल पडंल, सर. खाली मानसं असत्यात.”

सेफ्टी ऑफिसरनी मोबाइल खाली ठेवला. “सकाळपासून जो येतोय त्याला दोन काय, तीन शिफ्टही जमतायत,” ते एचआर साहेबांना म्हणाले. “मला ही पाहिजे.”

माझा जीव भांड्यात पडला.

निकाल लागताच शीतलनं व्हरांड्यातून घरी फोन लावला. दसरा जवळ आलेला, त्यामुळे मुकादम टोळी पक्की करत घरोघर फिरत होता आणि नेमका त्यांच्याच ओसरीवर बसला होता. वडिलांनी ‘तूच सांग’ म्हणत फोन त्याच्याच हातात दिला.

“काय पोरी, येती ना यंदा?” त्याचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता.

“बघ...” एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडं पाहिलं. मी कमरेवर हात ठेवले.

“न्हाई मामा. न्हाई जमणार.”

“कावून?”

“मला गाडी चालवाया येती, मामा.”

पलीकडून फोन कट झाला. शीतल तिथंच पायरीवर बसली आणि तिनं ढसाढसा रडून घेतलं.

आता प्रत्येक नव्या बॅचला मी आधी ‘कान्ट’ शिकवते. ‘कॅन’ला मग फारसा वेळ लागत नाही.