डालग्याखाली कोण

गरम हळद-तेलाचा वास आला की मला कवठे महांकाळच्या आमच्या अंगणातली, मानेची पिसं गेलेली ती तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, आठवते. मी नुकतीच बीए झाले होते, आमच्या घरातली पहिलीच. आधी कोणी खायचं हे कोंबड्या एकमेकींना टोचून ठरवतात, आणि आमच्या अंगणात ते तांबडी ठरवायची. दाणे टाकले की ती या तलंगीला रक्त येईस्तोवर टोचायची, मग रक्त बघून बाकीच्याही तुटून पडायच्या. चुलते म्हणाले, "हिला डालग्याखाली झाका. रविवारी पावणं येत्यात, तवा कापू." मी तलंगीच्या मानेला हळद-तेल लावलं आणि बांबूच्या टोपलीचं ते डालगं उचलून तांबडीवर घातलं. चुलती म्हणाली, "आगं, रोज अंडं देणारी हाय ती." "असू दे की. टोचतंय कोण?" चुलते हसले, "बीए झाली आन् कोंबड्यांचा न्याय कराय लागली." म्हटलं, "व्हय, करते." तांबडीला दाणापाणी आतच दिलं, वर दगड ठेवला आणि कुणाला तो काढू दिला नाही. इकडं तलंग निवांत दाणे टिपू लागली. रविवारी तांबडीला सोडलं, तर बाकीच्यांनी तिलाच मागं रेटलं. तिचा मान गेला होता. तलंग भरल्या पोटानं फिरताना बघून चुलत्यांनी सुरी ठेवून दिली, पाहुण्यांना पिठलं वाढलं. आता मी सांगलीत नोकरी करते. ऑफिसात कुणी एखादीला छळलं की साहेब तिचीच जागा बदलायला निघतात. मी उठते आणि छळणाऱ्याचं टेबल हलवायला सांगते.